मंत्र्याच्या आईची जागा

सोलांज केर्व्हेलानं एकोणीस वर्षं महापौर लोझाकची पत्रं लिहिली. त्याला दोन ओळी धड सुचत नसत. तो नुसती खाली सही ठोकायचा. लांव्हेरेक गावचं प्रसूतिगृह बंद होऊ देणार नाही, असं त्यानं सुईणींना लेखी दिलं. तो मजकूरही तिचाच, सही त्याची.

मग पॅरिसहून मंत्रिपदाचं बोलावणं आलं. प्रसूतिगृहं बंद करायला निघालेल्या सरकारात ते पत्र त्याच्या घशात हाडासारखं अडकलं. भरसभेत उठून तो म्हणाला, "मी कसलीही सही केलेली नाही. माझ्या सेक्रेटरीनं परस्पर उद्योग केलाय." सोलांज तिथंच मागं बसलेली.

तो पॅरिसला गेला, तिला दफनभूमीच्या कचेरीत फेकलं. वर्षाच्या आत प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. पावाच्या दुकानात सुईणी तिला बघून पाठ फिरवायच्या. "खोटारडी," एकीनं तोंडावर म्हटलं.

तिसऱ्या वर्षी मुदत संपलेल्या कबरींची यादी चाळताना तिला नाव दिसलं : लोझाक. बापाला पुरून तीस वर्षं झालेली, म्हणजे जागेचा करार संपलेला, आणि त्याच्याच कबरीत आई एऊजेनी. घरच्यांनी दोन वर्षांत मुदत वाढवून घेतली नाही, तर हाडं सामायिक कोठडीत जायची आणि जागा दुसऱ्याला. सोलांजनं नोंदीतल्या पत्त्यावर नोटीस धाडली, म्हणजे म्हातारीच्या घरी. लेकानं ते घर कधीच विकलेलं. परत आलेलं पाकीट तिनं फायलीला टाचलं, कबरीवर नोटिशीचा पिवळा कागद चिकटवला. मंत्रालयाचा पत्ता तिला तोंडपाठ होता.

दोन वर्षं भरली. लोझाकनंच खुर्चीत बसवलेल्या नव्या महापौरानं कबर मोकळी करायच्या आदेशावर न वाचता सही केली.

"बाई, एक फोन टाका की," कबरी खणणारा तांगी म्हणाला. "म्हातारीनं तुमचं काय वाकडं केलं?"

"काही नाही. दर नाताळाला आलुबुखाराचा केक खाऊ घालायची मला."

"मग?"

"मग काय? कागद दोन वर्षं अख्ख्या गावानं वाचला. एकानं तरी त्याला कळवलं? खण तू."

त्याच शरदात लोझाकचं मंत्रिपद गेलं आणि तो पुन्हा महापौर व्हायला गावी आला. मृतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, शेवंतीची कुंडी आणि दोन फोटोवाले घेऊन तो दफनभूमीत शिरला, आणि पाचच मिनिटांत सोलांजच्या खिडकीवर येऊन आदळला.

"सोलांज! माझी आई कुठंय?"

"सामायिक कोठडीत, साहेब. नियमानं." तिनं फाईल पुढं सरकवली.

"हा सूड आहे!"

"आहे ना," ती म्हणाली. "मी कुठं नाही म्हटलं?"

त्यानं फोटोवाल्यांकडं पाहिलं. मग हळूच, "कोठडीची चावी दे."

"आधी सांगा, सुईणींच्या पत्रावर सही कुणाची होती?"

"सोलांज, इथं नको, लोक..."

"लोक आहेत म्हणूनच."

कुंड्या घेतलेल्या बाया थबकल्या होत्या. त्यात दोन जुन्या सुईणी. फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली केले नव्हते.

"माझी," तो पुटपुटला.

"तिकडं ऐकू गेलं नाही."

"माझी! माझीच सही होती!"

एका सुईणीनं हातातली कुंडी सावकाश खाली ठेवली. सोलांजनं खुंटीवरची चावी काढली, कोट चढवला आणि बाहेर आली.

"चला. डावीकडचं तिसरं फडताळ. पेटीवर दोघांची नावं मी माझ्या हातानं लिहिलीत, नीट. फुलं मात्र दाराबाहेर ठेवा. आत जागा नाही."