बिजागरीचे सर

आमचे जीवशास्त्राचे सर कुठल्याही दारातून सरळ आत आले, असं कधी झालंच नाही. आधी दार पुढे-मागे हलवायचं, बिजागरीकडे कौतुकानं बघायचं, मग आत. शिरूरच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच 'बिजागरी' पडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊकही होतं.

त्यांचा जीव एका प्रथिनात अडकला होता. दोन लांब हात आणि ते जोडणारी बिजागरी, अशी त्याची घडण. पेशीतला डीएनएचा धागा ते कवेत घेतं, त्याचे वेढे घालतं, म्हणून पेशीची वाटणी होताना गुंता होत नाही. "जिवाणूत हाय, कांद्यात हाय, तुमच्यात हाय," सर सांगायचे. "एवढी युगं गेली, पण निसर्गानं ही बिजागरी काय टाकली न्हाई."

पेशींची वाटणी बघायला प्रॅक्टिकलला कांद्याची कोवळी मुळं लागत. त्यासाठी पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवायचे. एकदा शिपाईमामांनी ऐन प्रॅक्टिकलच्या सकाळी, बाजाराला न्यायचे असावेत तशी, सगळ्या कांद्यांची मुळं छाटून टाकली. आमची तोंडं उतरली. सर शांतपणे म्हणाले, "मामा, कांदे झकास केलेत. आता भजी करा." आणि खरंच भजी झाली.

बीएस्सीनंतर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं. पोरीनं पुण्यात एकटं राहायचं, हे त्यांना पटेना. मी रडून डोळे सुजवून घेतले. सरांना कळलं तसे ते मोटारसायकलला मायक्रोस्कोप बांधून राहू गावाला आमच्या घरी हजर झाले.

ओसरीवर आबा कांद्याच्या मुळातल्या पेशींची वाटणी बघत बराच वेळ भिंगात डोळा घालून बसले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आबांनी विचारलं, "मेंढरात बी अशीच वाटणी व्हती?"

"व्हय आबा. आन् ती इतकी नीट कशी व्हती, हे अजून कुणाला पुरतं कळलेलं न्हाई. तुमच्या पोरीला ते शोधायचंय."

आबांनी आत चहा सांगितला. त्याच वर्षी मी पुण्याला गेले.

आज मी त्याच प्रथिनावर काम करते. माझा शोधनिबंध छापून आला की सरांना पाठवायची. 'वाचला. छान.' एवढंच उत्तर यायचं. मला त्याचा थोडा रागच यायचा.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मी आबांना फोन केला.

"तुझं काय छापलं की सर राहूला यायचे," आबा म्हणाले. "वसरीवर बसून मला समदं समजावून सांगायचे. आता तू काय करतीस, हे मला कोण सांगायचं, पोरी?"