तोंडभेट

रोह्याच्या ताजुन्निसाचाचींचा फैजल आखातात नोकरीला. मोबाइलवर त्याचा चेहरा दिसला, की चाची शेजारणींना सांगत, "आज तोंडभेट झाली गो!" शेजारणी आधी हसल्या, मग त्याही तसंच म्हणू लागल्या. शब्द पेणच्या बाजारापर्यंत गेला. फैजलचा चेहरा मात्र चार महिने दिसला नव्हता.

ईदच्या सकाळी नवी ओढणी घेऊन, मोबाइल तांब्याला टेकवून चाची बसल्या. दुपारी फोन आला, नुसता आवाजाचा.

"अम्मी, शिफ्ट हाय. तोंडभेट नंतर करू."

"हा शब्द कुठं ऐकलास रे?"

"इथं सगळेच बोलतात. नागोठण्याच्या पोरांनी आणला."

"व्हय? चांगला हाय," चाची म्हणाल्या.

फोन बंद झाला. त्यांनी शीरखुर्मा झाकला. मोबाइल तांब्याला टेकवलेलाच ठेवला.