बाई, आज शाळेला सुट्टी हाय

आमच्या बाईंएवढं अडाणी माणूस अख्ख्या हातकणंगले तालुक्यात दुसरं सापडायचं नाही. हे मी एकटा म्हणत नाही, त्यांच्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोरगं छातीठोकपणे सांगेल. बाईंना दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते कळायचं नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, याबद्दल त्यांची कधीच खात्री नसायची. आणि क्रियापद म्हटलं की वांग्यात अळी दिसल्यासारखं तोंड करायच्या. बी.एड. झालेल्या, वर विशेष शिक्षणाचा आणखी एक कोर्स केलेल्या बाई. पण फळ्यासमोर उभ्या राहिल्या की हातातल्या बांगड्या कोपराकडं सारायच्या आणि म्हणायच्या, "मला न्हाय बाबा कळलं. तू सांग."

तू म्हणजे आम्ही. आणि आम्ही म्हणजे हायस्कूलच्या मागच्या अंगाला, मोडक्या बाकांच्या गोदामाला चिकटून जी खोली होती, तिच्यातली पोरं. सरकारी कागदावर तिचं नाव संसाधन कक्ष. हेडमास्तर नुसतं 'ती खोली' म्हणायचे, बाकीची पोरं काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठवी ते दहावीतल्या ज्याला वर्गात काही ना काही जमत नव्हतं, त्याला दिवसातले दोन तास इकडं धाडायचे. कुणाला ऐकायला कमी, कुणाला दिसायला कमी, कुणाचं डोकं बैलगाडीसारखं सावकाश पण रस्ता न सोडता चालायचं. माझं डोकं जोरात, तोंड त्याहून जोरात, पण पुस्तक उघडलं की मुंग्यांच्या वारुळावर पाय पडल्यासारखी अक्षरं सैरावैरा पळायची. एक ओळ सरळ वाचता यायची नाही. मात्र कुणाचाही आवाज एकदा कानावर पडला की तो माझा झाला. गावातल्या अर्ध्या लोकांनी माझ्यापायी माझ्या बापाशी भांडण काढलंय.

तर बाईंचं अडाणीपण. आमच्यात एक दिग्या होता. दिग्याच्या डोक्यात गणित घातलं की ते दुसऱ्या बाजूनं सांडायचं. एक दिवस बाईंनी फळ्यावर साडेसहा लिहिलं, म्हणजे सहा, टिंब, पाच. त्याच्या शेजारी सहा, टिंब, शून्य, पाच. आणि म्हणाल्या, दोन्ही सारखंच की रं, मधी नुसतं शून्य हाय, शून्याला कोण इचारतंय. दिग्याच्या घरी चार म्हशी. दूध संस्थेत कुणाच्या दुधाला किती फॅट लागली हे पोरगं पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलं. ते ताडकन उठलं. "बाई, फॅट सहा पॉइंट शून्य पाच लागली म्हणून घरात सांगितलं तर आमचं आबा मला म्हशीशेजारी बांधतील." बाई म्हणाल्या, का पण? मग दिग्यानं तो सगळा तास फळ्याजवळ उभं राहून बाईंना दशांश शिकवला. बाई मधेच चुकायच्या, दिग्या कपाळाला हात लावायचा, परत पहिल्यापासून सुरू करायचा. शेवटी घामाघूम होऊन त्यानं विचारलं, आता तरी कळलं का? बाई म्हणाल्या, जरा जरा. उद्या परत सांग. पुढच्या आठवड्यात दिग्याचा बाप हेडमास्तरांच्या केबिनमध्ये हजर. म्हणाला, आमचं पोरगं बाईस्नी शिकवतंय आणि पगार बाई उचलत्यात, ही कुठली पद्धत काढली साहेब तुम्ही?

बाईंची स्कूटी हा वेगळा विषय आहे. ती रस्त्याच्या मधोमध चालायची आणि हॉर्न सुरू झाला की शाळेतच बंद व्हायचा. ऊस भरलेले ट्रॅक्टर बाजूला व्हायचे, ट्रॅक्टरवाले खाली उतरून नमस्कार करायचे, कारण त्यातले निम्मे आमच्याच खोलीतून पास झालेले. पुढच्या हुकाला एक पिशवी, तिच्यात सायकलची घंटी, चिंचोके, तराजूची वजनं, फुटका टॉर्च, आणि कुणाचा डबा आला नसेल तर म्हणून चार जादा चपात्या. डबा खाताना बाई प्रत्येकाच्या भाजीत बोट घालायच्या आणि "तुझ्या आयला तेल स्वस्त लागलंय काय रं" असं त्याच्या आईच्या नावानं बोलायच्या. आई शाळेत आली की तिच्याकडूनच ती भाजी शिकून घ्यायच्या. तिथंही एकदा सांगून कळायचं नाहीच.

माझ्यासाठी त्यांनी वेगळंच काढलं. धडा स्वतः मोठ्यानं वाचायच्या आणि मग म्हणायच्या, मला न्हाय कळलं, आणि तुझ्या आवाजात तर मला झोप यायल्या, गुळाच्या सौद्यात बोली ओरडतोय त्या माणसाच्या आवाजात सांग. म्हणून मी पहिलं महायुद्ध सौद्यात पुकारून पाठ केलं. ऑस्ट्रिया एकदा, ऑस्ट्रिया दोनदा, रशिया वाढवतोय का बघा. पचनसंस्था एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात केली. चला, जठर आलं जठर, लहान आतड्याचं कोण हाय, मागं सरा, दार सोडा. बाई हसून हसून टेबलावर डोकं टेकायच्या आणि वर बघून म्हणायच्या, मोठं आतडं राहिलं की रं कंडक्टर.

दहावीला मला लेखनिक मिळाली. म्हणजे आपण सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या कुणीतरी लिहायचं, बोर्डच तशी परवानगी देतं. नववीतली एक शांत पोरगी होती. आता अडचण अशी झाली की उत्तर मला त्या-त्या आवाजातच आठवायचं. मी इतिहासाच्या पेपरला दबक्या आवाजात सौदा सुरू केला. सुपरवायझर धावत आले, हे काय चाललंय म्हणून दरडावायला लागले. ती पोरगी मान वर न करता म्हणाली, "सर, उत्तर बरोबर यायलंय, थांबा की जरा." मी पास झालो. आमच्या घराण्यात दहावीचा पेढा पहिल्यांदा आला तो माझ्यामुळं, यावर माझ्या चुलत्यांचा आजही विश्वास नाही.

आता माझं वडगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमाला, गणपतीत मंडळांपुढं नकला करतो. वेळ मिळाला की बाईंच्या खोलीत चक्कर टाकायचो, पोरांना हसवायचो. अशाच एका दुपारी गेलतो. बाईंनी एका पोरीला विचारलं, लसावि म्हणजे काय गं? तिनं छान सांगितलं. थोड्या वेळानं बाईंनी परत तेच विचारलं. तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळी खोली हसायला लागली, एक पोरगं म्हणालं, बाई आज लईच ढ झाल्यात. मी हसलो. आमचं बघून बाईपण हसल्या. पोरं पुढं होऊन होऊन त्यांना सांगत होती, आज वार कुठला, मधली सुट्टी झाली का व्हायचीय, खडू कुठं ठेवलाय. बाईंना काही कळत नाही हे त्या खोलीत कुणाला नवीन नव्हतं. त्यामुळं जगात सगळ्यात उशिरा जर कुणाच्या ध्यानात आलं असेल, तर ते आमच्या.

ध्यानात आणून दिलं ते त्यांच्या मालकांनी. आम्ही त्यांना काका म्हणतो. साखर कारखान्यातून रिटायर झालेला गप माणूस. लग्नानंतर बोलायची पाळीच आली नाही असं ते स्वतःच सांगतात. ते दुकानात आले, मोबाईल पुढं केला, बिघडला काय विचारलं तर मान हलवली. मग म्हणाले की बाई एका संध्याकाळी स्वतःच्या दारात उभ्या राहून शेजारणीला विचारत होत्या, इथं कोण ऱ्हातंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, औषध दिलं आणि हे उतरणीलाच लागणार हेही सांगितलं. शाळा सुटली. पण सकाळ झाली की बाई साडी नेसून, पिशवी घेऊन निघायच्या. स्कूटीची किल्ली काढून घेतली तर चालत. एकदा हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून चालताना सापडल्या, आमच्याच खोलीतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं उचलून आणल्या. तेव्हापासून काका गेटला कुलूप लावायला लागले. "गजाला धरून रडत्या रं," काका म्हणाले. "म्हणत्या, पोरं खोलीभाईर उभी असतील, दार उघडा. आजूबाजूची माणसं बघत्यात. मी तिला असं कोंडून घालायला न्हाय आणली." मग बराच वेळ काउंटरवरचे चार्जर बघत राहिले आणि म्हणाले, तुला आपल्या हेडमास्तरांचा आवाज येतोय न्हवं?

हेडमास्तर वारून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. पण बाईंच्या हिशेबात ते केबिनमध्येच होते. त्यांचा आवाज नाकातला, आणि प्रत्येक वाक्याआधी एकदा खाकरून 'काय म्हणतो मी' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं खाली ओढून मी फोन लावला. "काय म्हणतो मी बाई, आज शाळेला सुट्टी हाय." पलीकडं तोच जुना आवाज, कसली सुट्टी? परीक्षा तोंडावर आल्यात आणि सुट्ट्या कसल्या वाटताय? मला कारण द्यावं लागलं. रोज नवीन द्यावं लागायचं. शाळेला रंग द्यायलेत. सगळे मास्तर निवडणुकीच्या कामाला गेलेत. मोठे साहेब वारले. ते मी एका महिन्यात इतक्यांदा मारले की शिक्षण खात्यात माणूस उरला नसेल. एकदा काहीच सुचेना म्हणून सांगितलं की इमारतीवरचं मोहोळ उठलंय. त्यावर बाई म्हणाल्या, माझ्या खोलीतली पोरं त्याला भीत न्हाईत, तुम्ही तुमची बघा. पण भांडून झालं की ऐकायच्या. पिशवी खाली ठेवायच्या, काका कुलूप काढायचे, आणि दिवसभर त्या दारातल्या खुर्चीत बसायच्या.

मधे मी घरी जाऊन आलो. बाईंनी मला बघून पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या की पावणं, बसा. कुणीकडलं म्हणायचं तुम्ही?" मी वडगावचा म्हटलं. चहा पाजला. मी दिग्याच्या बापाची नक्कल केली, ती गोडीनं ऐकली, आणि काकांना म्हणाल्या, पावणं मजेशीर हायत हं.

त्यानंतर काही दिवसांनीची गोष्ट. सुट्टी सांगून झाली, भांडण झालं, मी फोन ठेवणार, तेवढ्यात बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, एक बोलायचं हुतं. ते माझ्या खोलीतलं नकला करणारं पोरगं. त्याचा दहावीचा फॉर्म तुम्ही अडवून ठेवलाय."

मी शटर आणखी जरा खाली ओढलं.

"शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून त्याला खाजगी म्हणून भाईरनं बसवायचं म्हणताय तुम्ही. मी न्हाय ऐकणार. त्याला वाचता येत न्हाय, पर त्याला सगळं येतंय. तुमच्या खुर्चीफुडं बसून ऱ्हाईन मी, घरी जाणार न्हाय."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझा फॉर्म बाकीच्यांसारखा आपोआप भरला गेला असंच मी धरून चाललो होतो. शटरच्या खालून गिऱ्हाइकाचे पाय दिसत होते, ते हाका मारत होतं. मी कसाबसा खाकरलो. म्हटलं, काय म्हणतो मी बाई, बसवतो त्याला. नक्की? नक्की. आणि लेखनिक? तीपण देतो. बाई समाधानानं हुंकारल्या, आणि म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा सर. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. हिवाळाभर मी रोज सकाळी मला दहावीला बसवत होतो. एखाद्या दिवशी मुद्दाम नाही म्हणून बघायचो, बाईंचं भांडण जरा जास्त ऐकायला मिळावं म्हणून. मग गुळण्या करा ऐकायचं आणि शटर वर करायचं.

आणि परवा फोन लावला तर बाई भांडल्याच नाहीत. सुट्टी हाय म्हटलं तर बरं म्हणाल्या. कारण विचारलं नाही. मी नवीन कारण जुळवून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. मी थांबलो. शेवटी मीच म्हणालो, काय म्हणतो मी बाई, ते पोरगं. नकला करतंय ते.

"कुठलं सर?"

"तुमच्या खोलीतलं. दहावीचं."

"मला न्हाय आठवत."

"त्याला वाचता येत न्हाय बाई. त्याला परीक्षेला बसवावं का न्हाय, म्हणतो मी."

लांब कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. बाई विचार करत होत्या की विसरून गेल्या होत्या ते कळेना. मग म्हणाल्या, "त्यो कोण मला ठाऊक न्हाय. पर पोरगं रोज शाळंत यायलंय न्हवं? मग बसवा की. त्यात इचारायचं काय?"

फोन काकांच्या हातात गेला. ते म्हणाले, उद्यापासनं फोन नको करू लेका. चार दिवस झालं गेट उघडंच हाय. ती आता कुठं जात न्हाय.

मी बरं म्हटलं. ते हेडमास्तरांच्याच आवाजात निघालं.