आत वाहून नेणं

डिक्शनरीकाका कुठलाही शब्द सोलल्याशिवाय तोंडात घेत नसत. मुलुंडला आमच्या समोरच्याच दारात राहायचे. सगळी नोकरी छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासण्यात गेलेली. चहाला येताना ते एखादा शब्द घेऊन येत. एकदा 'इन्जेस्ट' आणला. लॅटिनमध्ये 'गेरेरे' म्हणजे वाहून नेणं. इन्जेस्ट म्हणजे पोटात वाहून नेणं. डायजेस्ट म्हणजे आत गेलेलं फोडून, वेगवेगळं करून नेणं. "वहिनी, हे दोन शब्द सख्ख्या बहिणी. पण एकीचं पत्र दुसरीच्या घरी टाकू नका." इंग्रजीत एम.ए. झालेल्या मला हे काय शिकवतात, असं मनात आलं. मी कप विसळायला उठले.

इरा, त्या दिवाळीत तू इथे आजीकडे, माझ्याकडे होतीस, अडीच वर्षांची. निहार, तुझा जन्म व्हायचा होता. ग्रिलचा रंग झाल्यावर टर्पेंटाइनची बाटली मी, कधी नव्हे ती, ओट्याखाली ठेवली. तुमचे आईबाबा बाजारात गेले होते. ठसका ऐकून मी वळले, तर बाटली इराच्या हातात आणि तोंडाला तो वास.

चष्मा सापडेना. लेबलवरचं बारीक इंग्रजी मी तसंच वाचलं: डायजेस्ट झाल्यास उलटी काढू नये. आत्ताच तर प्यायली, पचायला अवकाश आहे, असं म्हणून मी उलटी काढायला मीठपाणी कालवलं. तेवढ्यात काका आले. त्यांनी बाटली डोळ्यांशी धरली. एरवी छापील बोलणाऱ्या काकांची मालवणी रागातच बाहेर पडे.

"ठेव गो ता खाली. डायजेस्ट नाय, इन्जेस्ट लिवलेला आसा. वर येताना फुप्फुसात जातला."

पेला, इरा, तुझ्या ओठांना लागला होता.

रिक्षा करून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, उलटी काढलीत का? मी नाही म्हटलं. "वाचवलंत," ते मला म्हणाले. काका खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तू घरी येऊन वरणभात मागितलास. तुझ्या आईबाबांना काकांनी एवढंच सांगितलं, की वहिनींनी वेळेत दवाखाना गाठला. बाकीचं मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

काका गेल्या श्रावणात गेले. टर्पेंटाइन आता ज्यात ठेवते, त्या माझ्या वरच्या कपाटाच्या दारावर त्यांची चिठ्ठी आहे: 'आत गेल्यास उलटी काढू नये. चष्मा लावून वाचावे.' शाई उडू लागली की मी चष्मा लावते आणि त्यांच्याच अक्षरांवरून पेन फिरवते.