शिक्का आणा, मग खेळतो

आमच्या शारजातल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला पैसा मिळाला आणि दोन महिन्यांत कोच गेला. मी गोलकीपर, शिवाय कॅप्टन. त्याआधी आम्ही रोल्ला बाजारातल्या दुकानातून आणलेले, धुऊन धुऊन रंग उडालेले शर्ट घालून खेळायचो आणि हरलो तरी कुणाला काही वाटत नव्हतं. मग दुबईच्या जबल अली बंदरातली एक कार्गो कंपनी आमच्यावर खर्च करायला लागली. छातीवर कंपनीचं नाव आलं, प्रॅक्टिसला एसी बस आली. पाठोपाठ कंपनीच्या गोदामातले तीन दणकट गडी आले. कागदोपत्री ते आमच्याच कॉलेजचे विद्यार्थी होते.

आमचे कोच केरळचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या तिघांना विचारलं, "कौन सी क्लास में बैठते हो?" तिघांनी माना खाली घातल्या. सरांनी त्यांना एकाही मॅचमध्ये खेळवलं नाही. त्यांच्याशिवाय आम्ही फायनलला पोचलो, तरीही आठवडाभर आधी कॉलेजच्या मॅनेजरने सरांना काढलं. का, तर कंपनी नाराज आहे.

तिथे नोकरी गेली की विसाही जातो. सरांना एका शाळेत काम मिळत होतं, पण त्यासाठी कॉलेजची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र लागणार होतं. ते नसेल तर बिऱ्हाड उचलून केरळ गाठायचं, आणि मुलगी ऐन दहावीला. मॅनेजर रोज हसून सांगायचा, "इन्शाल्ला, कल."

त्या हसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. पत्र मिळाल्याशिवाय आम्ही फायनल खेळणार नाही, असं मी घरी सांगून टाकलं. बाबा त्यांच्या ऑफिसात अशीच पत्रं टाइप करायचे. ते भडकले. "आपण इथे पोट भरायला आलोय. उद्या माझा विसा कॅन्सल झाला म्हणजे?"

"देन टाइप द लेटर, बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पाकीट होतं. इंग्रजीत आणि अरबीत टाइप केलेलं पत्र, फक्त सही बाकी. "नुसत्या सहीवर भाळू नकोस," बाबा म्हणाले. "इथे शिक्का नसेल तर सही म्हणजे रद्दी."

शुक्रवारी दुपारी आम्ही मैदानात उतरलो आणि मधोमध बसलो. गोदामातले तिघेही येऊन शेजारी बसले. नव्या कोचने त्यांना टीममध्ये घेतलं होतं. त्यांचा विसा त्याच कंपनीच्या हातात होता, तरी बसले. मॅनेजर धावत आला. "यल्ला, उठो! खलास करो ये ड्रामा!" मी पाकीट पुढे केलं. कंपनीचे साहेब मांडवातून बघत होते. मॅनेजरने दात-ओठ खात सही केली.

पोरं ओरडत उठली. मीही ग्लोव्हज चढवले, पत्राची घडी घातली आणि तेव्हा कुठे सहीखालची कोरी जागा दिसली. बाबांनी बजावूनसुद्धा मी भाळलो होतो! स्वतःचाच राग आला. मी परत बसलो, मग सगळेच बसले.

"सर, स्टॅम्प."

"आज जुम्मा है, ऑफिस बंद है!"

"खुलवाइए. हम बैठे हैं."

प्रमुख पाहुणे दुबईहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकले होते, म्हणून रेफरीही थांबला. अर्ध्या-पाऊण तासाने ड्रायव्हर शिक्का घेऊन आला. मॅनेजरने तो माझ्या पाठीवर कागद ठेवून इतक्या जोरात मारला की मला हसू आलं.

आम्ही चार-एकने हरलो. सर कुंपणाबाहेर उभे होते. मी पत्र दिलं. त्यांनी शिक्का नीट पाहिला, घडी खिशात ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाले, "पहला गोल तेरी गलती. इतना आगे क्यों निकला?"

शनिवारी मला टीममधून काढल्याची नोटीस लागली. मी ती उभ्या उभ्या वाचली, घरी जाऊन रंग उडालेला जुना शर्ट घातला आणि सरांच्या नव्या शाळेच्या मैदानावर जाऊन गोलमध्ये उभा राहिलो.