डब्यापुरती हळू होणारी गाडी

भूकंपानंतरची काही वर्षं मी लातूरला पुनर्वसनाच्या कचेरीत होतो. दर शनिवारी संध्याकाळच्या जलद गाडीने नांदेडला घरी जायचो. कंडक्टर बहुतेक तोच असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही आणि तोही माणसाला तिकिटावरच्या गावाने हाक मारायचा. "ओ अहमदपूर, सरका जरा." मी अर्थात नांदेड.

मधल्या फाट्यांवर कुणी कितीही हात करो, तो दारातूनच ओरडायचा, "जलद हाय ही. मागून साधी येती." म्हातारी असो की लेकुरवाळी, उत्तर तेच. मला त्याचा रागच यायचा.

डब्यांसाठी मात्र गाडी हळू व्हायची. लातूरला ट्यूशनसाठी ठेवलेल्या पोरांचे डबे सकाळी याच गाडीने यायचे. संध्याकाळी रिकामे डबे तो चालत्या गाडीतून फाट्यावर उभ्या असलेल्या आयांच्या हातात द्यायचा.

एका शनिवारी अहमदपूरच्या पुढे त्याने बेल मारली आणि गाडी चक्क थांबवली. डबा घेऊन तो स्वतः खाली उतरला.

"मावशी, भरलेला हाय. कालचाबी तसाच होता. पोरगी जेवंना झालीय."

बाईने डब्याचं झाकण उघडून पाहिलं.

"उद्या डबा देऊ नका. तुमीच चला."

"पण ही तर जलद हाय न्हं? हितं कुठं थांबती?"

"उद्या थांबती," तो म्हणाला आणि गाडीत चढला.