लिफ्टमन भाऊजींची गच्ची

आमच्या शेजारचे भाऊजी एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. माणूस इतका गोड, की भांडत शिरलेली माणसं हसत उतरायची. मी मुद्दाम जाऊन पाहिलंय. भांडायला कोणी मिळालं नाही, एवढंच.

तर तिथं आपोआप चालणारी लिफ्ट येणार असं ठरलं. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरच्या वर्गाची परीक्षा पास व्हा, ऑफिसात टेबलावर बसवतो. नाहीतर..." पुढचं साहेबांनी गिळलं, पण भाऊजींना ऐकू आलं. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, म्हणजे अख्ख्या जिन्याला कळलंच.

पन्नाशीचा माणूस विशीतल्या पोरांत जाऊन बसला. मी असते तर डोकं दुखतंय म्हणून घरी पळाले असते.

गृहपाठ असा, की शब्द द्यायचा आणि कॉम्प्युटरनं तो शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहायचा. भाऊजींनी सरावाला 'वटवट' घेतला. "तुमच्यावरनं सुचला, वहिनी."

"उलटा होऊन टवटव होईल," मी म्हटलं. "माझ्यासारखाच!"

कसलं काय! रोज संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरांत चूक.

"अक्षरं चार. म्हणून चारपासून खाली ये म्हणतोय. कॉम्प्युटरची मोजणी शून्यापासून असते, तेही पाठ आहे मला. मग अडतंय कुठं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, तुमच्या लिफ्टला बटणं किती?"

"दहा."

"सगळ्यात वरचं?"

"नऊ. तळमजला शून्य ना!"

"मग दहावर न्या की."

"दहावर कुठं? गच्चीवर लिफ्ट जात नाही..." भाऊजींचा आ वासलेलाच राहिला. "अगं! मी रोज गच्चीवरनं लिफ्ट सोडतोय!"

चार अक्षरं म्हणजे शून्य ते तीन; त्यांनी तीनपासून सुरुवात केली. पडद्यावर 'टवटव' उमटलं.

"गुरुदक्षिणा द्या आता," मी टोचलं.

"लग्नापासून देतोच आहे!"

परीक्षेत शब्द लांबलचक आला. भाऊजी म्हणे "चला खाली, चला खाली" असं पुटपुटत होते. मास्तरांनी दोनदा दटावलं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. निकालाच्या दिवशी जिन्यातून आवाज आला, "तळमजला!" मग, "पहिला मजला!" बायको हातात उशीचा अभ्रा धरून दारात थिजली. मीही, खोटं कशाला बोलू, गप्प झाले होते.

"दुसरा मजला! टेबलावर बसणाऱ्यांनी इथं उतरावं!"

"आधी दम खा, साहेब," ती म्हणाली आणि अभ्र्यात तोंड लपवलं.